आईचं किती, बापाचं किती : आनुवंशिकतेविषयी वारंवार विचारले जाणारे प्रश्न

गोव्यात डिचोलीजवळच्या एका हायर सेकंडरीत मी वीसहून जास्त वर्षं जीवशास्त्र शिकवते. बारावीला आनुवंशिकतेचा धडा संपला की वहीच्या मागच्या पानावर लिहिलेले प्रश्न माझ्याकडे येऊ लागतात. त्यातले निम्मे मुलांचे नसतातच. कुणाच्या मावशीने विचारलेलं असतं, कुणाच्या आजीने. आता ते फोनवरही येतात. जे प्रश्न पुन्हा पुन्हा आले ते इथे एकत्र केले आहेत, आणि ज्या शब्दांत आले जवळजवळ त्याच शब्दांत ठेवले आहेत. मी डॉक्टर नाही. जिथे डॉक्टरांकडे जायला हवं तिथे तसं लिहिलं आहे.

१. आमची मुलगी हुबेहूब बापासारखी आहे. म्हणजे तिच्यात बापाचं जास्त आलं का?

नाही. आपल्या पेशीत ४६ गुणसूत्रं असतात, म्हणजे २३ जोड्या. प्रत्येक जोडीतलं एक आईकडून आलेलं, एक बापाकडून. (हा ४६चा आकडा १९५६ साली पक्का झाला. त्याआधी तीसेक वर्षं पुस्तकांत ४८ छापत असत.) या गुणसूत्रांवर प्रथिनं घडवणारी सुमारे २०,००० जनुकं असतात. शाळेत तुम्ही ज्याला जीन म्हणता तेच हे जनुक. प्रत्येक जनुकाच्या दोन प्रती असतात, एक इकडची, एक तिकडची. चेहऱ्यावर शेकडो जनुकांचा हात फिरलेला असतो. कुठल्या प्रतीचा ठसा वर उमटला त्यावर ‘कुणासारखी’ ते ठरतं, किती आलं त्यावर नाही.

मोजायचंच झालं तर मुलग्यात आईचा वाटा किंचित जास्त भरतो. त्याला आईकडून मोठं एक्स गुणसूत्र मिळतं आणि बापाकडून छोटं वाय.

२. मग एकाच आईबापाची भावंडं इतकी वेगळी कशी?

आई मुलाला आपल्या प्रत्येक जोडीतलं एकच गुणसूत्र देते, आणि कुठलं द्यायचं हे प्रत्येक वेळी नव्याने ठरतं. २३ जोड्यांतून अशा ८३,८८,६०८ निवडी होऊ शकतात. चौऱ्यांशी लक्ष योनींच्या इतका जवळचा आकडा निघाला की वर्गात नेहमी कुजबुज होते. तो योगायोग आहे, पण त्यामुळे आकडा कुणी विसरत नाही. बापाकडच्या निवडीही तेवढ्याच. शिवाय गुणसूत्रं वाटली जाण्याआधी आपसांत तुकड्यांची अदलाबदल करतात ती वेगळीच. त्यामुळे एकरूप जुळी सोडली तर भावंडांत सरासरी निम्मंच सारखं असतं.

३. टीचर, प्रभावी गुण म्हणजे जो जास्त लोकांत असतो तो ना?

नाही, आणि ही चूक परीक्षेतही दरवर्षी दिसते. जो गुण एकाच प्रतीवर दिसून येतो तो प्रभावी. जो दिसायला दोन्ही प्रती तशाच लागतात तो अप्रभावी. लोकसंख्येत कुठला जास्त याच्याशी संबंध नाही. हाताला सहावं बोट बऱ्याच घराण्यांत प्रभावी पद्धतीने येतं, तरी सहा बोटांची माणसं विरळाच. ओ रक्तगट अप्रभावी आहे, तरी प्रत्येक वर्गात ओवाल्यांची रांग लागते. हा हिशेब वाटाण्याच्या झाडांवर पहिल्यांदा मांडला तो मेंडेलने, १८६५ साली ब्रनो शहरात. १९०० सालापर्यंत त्याकडे जवळजवळ कुणाचंच लक्ष गेलं नव्हतं.

४. आमच्या दोन्ही घराण्यांत कुणालाच हा आजार नाही. मग मुलाला आला कुठून? घरचे म्हणतात सुनेच्या माहेरचं असणार.

मला सगळ्यात जास्त वेळा आलेला प्रश्न हाच, आणि बहुतेकदा तो विचारणारी ती सूनच असते. म्हणून सविस्तर लिहिते.

थॅलसेमिया मेजर, सिकलसेल (दोन्ही रक्ताचे आजार), जन्मजात येणारे काही चयापचयाचे आजार हे अप्रभावी आहेत. मूल आजारी पडायला बिघडलेल्या दोन प्रती लागतात. एक आईकडून आली, तर दुसरी बापाकडूनच येणार. ज्याच्याकडे एकच बिघडलेली प्रत असते त्याला वाहक म्हणतात. त्याची दुसरी, चांगली प्रत काम भागवते. तो शेतात राबतो, फुटबॉल खेळतो, म्हातारा होतो, आणि आपल्याकडे काय आहे हे त्याला कधी कळतही नाही. अशी प्रत पाच-सहा पिढ्या गुपचूप पुढे जाऊ शकते. घराण्यात कुणाला आजार नाही याचा अर्थ घराण्यात ती प्रत नाही असा होत नाही. एवढाच होतो की दोन वाहक आजवर नवराबायको म्हणून एकत्र आले नव्हते, किंवा आले तरी त्यांची मुलं सुटली.

दोघे वाहक असतील तर प्रत्येक गरोदरपणात चार शक्यता असतात : मूल आजारी (चारात एक), वाहक (चारात दोन), किंवा दोन्ही प्रती चांगल्या (चारात एक).

तेव्हा ‘सुनेच्या माहेरचं’ हे वाक्य अशा आजारांत चुकीचंच आहे. निम्मं माहेरचं, निम्मं सासरचं. हे मी एका आजीला वाटाण्याचे दाणे मांडून समजावलं होतं, स्वयंपाकघराच्या ओट्यावर. ती बराच वेळ दाण्यांकडे पाहत राहिली आणि मग म्हणाली, “म्हणजे आमच्याकडचा दाणा पण लागतोच.” हो, लागतोच.

५. पहिलं मूल आजारी झालं. ‘चारात एक’ म्हणजे आता पुढची तीन चांगली होणार ना?

नाही. चवथीच्या रात्री पत्ते खेळता ना? प्रत्येक डावाला पत्ते नव्याने पिसले जातात. मागच्या डावात कुणाला एक्का आला याने या डावाला फरक पडत नाही. पुढच्या गरोदरपणातही शक्यता चारात एकच राहते. दोन वाहकांची दोन मुलं असतील तर दोन्ही आजारी असण्याची शक्यता सोळात एक, आणि दोन्ही आजारातून सुटण्याची सोळात नऊ. या गैरसमजावर विसंबून तपासणी न करता दुसरं मूल होऊ देणारी घरं आहेत. ‘एकदा होऊन गेलं, आता नाही होणार’ असं कुणी धीर द्यायला म्हणालं तरी त्यावर निर्णय घेऊ नका.

६. रिपोर्टात ‘थॅलसेमिया मायनर’ आलं आहे. लोहाच्या गोळ्या सुरू करू का? लग्न करता येईल का?

मायनर म्हणजे वाहक. हा आजार नाही. रक्त थोडं कमी दिसतं, तांबड्या पेशी लहान दिसतात, आणि म्हणूनच ते लोहाची कमतरता समजून वर्षानुवर्षं गोळ्या दिल्या जातात. लोह खरोखर कमी आहे का हे तपासूनच गोळी घ्यायची. फेरिटिनची चाचणी त्यासाठीच असते.

वाहकपण ओळखायला हिमोग्लोबिनची एचपीएलसी नावाची चाचणी करतात. बीटा थॅलसेमियाच्या वाहकात हिमोग्लोबिन ए२ सहसा ३.५ टक्क्यांच्या वर जातं. लोह फार कमी असेल तर हा आकडा खोटाच खाली दिसू शकतो, त्यामुळे काठावरचा रिपोर्ट आला तर लोह भरून काढून चाचणी पुन्हा करावी. भारतात सरासरी शंभरात तीन-चार जण बीटा थॅलसेमियाचे वाहक आहेत. काही समाजांत प्रमाण याहून बरंच जास्त आहे.

लग्न बिनधास्त करा. जोडीदाराची तपासणी मात्र करून घ्या. तो वाहक नसेल तर तुमच्या मुलांना मेजर होणार नाही, फार तर काही वाहक होतील. दोघेही वाहक असाल तरी लग्न मोडायचं कारण नाही. गर्भाची तपासणी करता येते : साधारण अकराव्या आठवड्यापासून वारेचा नमुना घेऊन, किंवा सोळाव्या आठवड्याच्या सुमारास गर्भजलातून. त्यासाठी आधी दोघांची नेमकी कुठली चूक आहे ते कळावं लागतं. त्याला वेळ लागतो, म्हणून ही कामं गरोदर राहण्याआधीच उरकावीत. बांबोळीला गोमेकॉत (गोवा मेडिकल कॉलेजात) किंवा तुमच्या प्रसूतितज्ज्ञांकडे विचारा.

मेजरचं मूल सहा महिन्यांपासून दोन वर्षांच्या आत फिकट पडू लागतं. मग दर दोन ते चार आठवड्यांनी रक्त, आयुष्यभर, आणि रक्तातून साठणारं लोह काढायला रोजचं औषध. जुळणारा दाता मिळाला तर अस्थिमज्जेचं प्रत्यारोपण. ही मुलं आज शिकतात, नोकऱ्या करतात, संसार करतात. पण त्यांच्या आया महिन्याचा हिशेब पगाराच्या तारखेने करत नाहीत, रक्ताच्या तारखेने करतात. तुमचा रक्तगट कुठलाही असो, रक्तदान करा. हे सांगायची संधी मी सोडत नाही.

७. माझ्या भावाला थॅलसेमिया मेजर आहे, मी ठणठणीत. मी वाहक असण्याची शक्यता निम्मी ना?

निम्मी नाही, तीनात दोन. प्रश्न ४ मधल्या चार शक्यता पाहा. तुम्ही आजारी नाही हे आपल्याला आधीच माहीत आहे, म्हणून ती शक्यता खोडायची. उरल्या तीन, त्यातल्या दोन वाहकाच्या. पण हा हिशेब घेऊन बसू नका, तपासणी करा. तुमच्या चुलत, मामे, मावस भावंडांनाही सांगा. आईबापांच्या भावंडांतला प्रत्येक जण वाहक असण्याची साधारण निम्मी शक्यता आहे.

८. मुलगा व मुलगी दोघांचा रक्तगट बी पॉझिटिव्ह. लग्न करू नये असं ऐकलं. खरं का?

अजिबात नाही. रक्तगट एक असल्याने मुलांत व्यंग येत नाही. यावरून ठरलेली लग्नं मोडलेली मी पाहिली आहेत, आणि त्याचं मला फार वाईट वाटतं. एकच गोष्ट लक्षात ठेवायची असते : आई आरएच निगेटिव्ह आणि बाप पॉझिटिव्ह. बाळ पॉझिटिव्ह असेल तर आईच्या शरीरात त्याविरुद्ध प्रतिपिंडं तयार होऊ शकतात आणि ती पुढच्या बाळाला त्रास देतात. त्यावर अँटी-डीचं इंजेक्शन आहे. ते २८व्या आठवड्याच्या सुमारास, आणि पॉझिटिव्ह बाळ जन्मल्यावर ७२ तासांच्या आत देतात. गर्भपात झाला तरी डॉक्टरांना विचारून घ्यायचं. एवढी काळजी घेतली की प्रश्न मिटतो.

दोघे पॉझिटिव्ह असून मूल निगेटिव्ह जन्मलं तर घाबरू नका. निगेटिव्ह अप्रभावी आहे, दोघांकडे लपलेली प्रत असू शकते.

९. मामाच्या मुलीशी लग्न ठरतंय. गोत्र वेगळं आहे, मग हरकत काय?

गोत्र बापाकडून चालतं, म्हणून मामाच्या मुलीचं गोत्र वेगळंच निघणार. जनुकं मात्र गोत्र पाहत नाहीत. तुमची आई आणि त्या मुलीचा बाप सख्खी भावंडं. त्यामुळे तुम्हा दोघांत सरासरी आठवा हिस्सा जनुकं एकाच आजीआजोबांकडून आलेली असतात. मामा-भाचीत तर चौथा हिस्सा. कुठलीही अप्रभावी चूक दोन्ही बाजूंनी एकत्र यायची वाट यातून जवळ होते.

किती जवळ? कुठल्याही जोडप्याच्या मुलात मोठं जन्मजात व्यंग असण्याची शक्यता शंभरात दोन-तीन धरतात. सख्ख्या मामे-आते भावंडांच्या मुलांत ती साधारण चार ते सहापर्यंत जाते. म्हणजे शंभरातली चौऱ्याण्णव ते शहाण्णव मुलं या बाबतीत ठीकच जन्मतात. घाबरवून लग्न मोडायला हा आकडा पुरेसा नाही आणि दुर्लक्ष करायलाही नाही. घराण्यात एखादं मूल लहानपणी गेलं असेल, कुणी कर्णबधिर असेल, तर लग्नाच्या नोंदणीच्या पहिल्या सहीआधीच आनुवंशिक समुपदेशन घ्या.

आणखी एक. आपल्याकडे लहान जाती-पोटजातींत, चार-पाच गावांच्या आतच पिढ्यान्‌पिढ्या सोयरिकी झाल्या. कागदावर नातं नसलं तरी पणजे-खापरपणजे एकच निघतात. तेव्हा ‘नात्यातलं नाही’ एवढ्यावर निर्धास्त होऊ नका. थॅलसेमियाची चाचणी सगळ्यांनीच करावी.

१०. तिसरीही मुलगी झाली. दोष कुणाचा?

दोष कुणाचाच नाही. मुलगी होणं हा दोष नव्हे. शास्त्र विचाराल तर आईकडे दोन एक्स असतात, ती एक्सच देणार. बापाच्या शुक्रजंतूत एक्स असेल तर मुलगी, वाय असेल तर मुलगा. बाप काही निवडून देत नाही. गर्भाचं लिंग तपासणं, सांगणं आणि त्यासाठी विचारणं १९९४ च्या कायद्याने गुन्हा आहे. मला फोनवर विचारलं तर मी फोन ठेवते.

११. मुलगा जहाजावर जायच्या मेडिकलमध्ये रंगांधळेपणामुळे अडकला. आमच्या घरात कुणालाच नाही. मामाला थोडं आहे म्हणतात.

‘मामावर गेला’ हे आपण सहज म्हणतो, इथे ते शब्दशः खरं आहे. तांबडा-हिरवा ओळखायची जनुकं एक्स गुणसूत्रावर असतात. मुलाकडे एक्स एकच, तेही आईकडून. ते बिघडलेलं असेल तर झाकायला दुसरं नाही. आईकडे दोन आहेत, म्हणून तिला बहुधा त्रास होत नाही, पण ती वाहक असते. आणि मामाला तेच एक्स त्याच आजीकडून मिळालेलं असतं. म्हणून गुण आजीकडून मामात दिसतो, आईत लपतो, मुलात पुन्हा वर येतो.

नियम असे : वाहक आईच्या प्रत्येक मुलग्याला निम्मी शक्यता, प्रत्येक मुलगी वाहक असण्याची निम्मी शक्यता. रंगांधळा बाप मुलग्यांना हा दोष देऊच शकत नाही, कारण त्यांना तो वाय देतो. त्याच्या सगळ्या मुली मात्र निदान वाहक होतात. मुलगी स्वतः रंगांधळी असायला बाप रंगांधळा आणि आई किमान वाहक, असं दोन्ही लागतं.

तारवटींच्या (जहाजावर काम करणाऱ्यांच्या) घरात हा विषय पोटापाण्याचा आहे. रात्री जहाजाच्या स्वतःच्या डाव्या बाजूचा दिवा तांबडा आणि उजव्या बाजूचा हिरवा असतो. ते ओळखता आलं नाही तर डेकवर ठेवत नाहीत. म्हणून ज्याच्या मामाला किंवा आईच्या वडिलांना रंगांधळेपणा आहे त्या मुलाचे डोळे दहावीआधीच तपासा. कोर्सची फी भरल्यावर कळण्यापेक्षा आधी कळलेलं बरं.

रक्त न थांबण्याचा आजार, हिमोफिलिया, याच वाटेने चालतो. फरक असा की त्याच्या साधारण एक-तृतीयांश रुग्णांत घराण्याचा काही इतिहास नसतो, बिघाड नवाच झालेला असतो.

१२. बाळाला जी-सिक्स-पीडीची कमतरता सांगितली. हे काय आहे? घरात काय जपायचं?

तांबड्या पेशींना जपणारं एक विकर (एन्झाइम) कमी असतं. हेही एक्सवरचं, नियम प्रश्न ११ चेच. गोव्यात नवजात बालकांच्या रक्ततपासणीची सरकारी योजना २००८ साली सुरू झाली तेव्हा हे नाव घराघरांत पहिल्यांदा पोचलं.

बाळ एरवी ठीक असतं. ठरावीक गोष्टींनी पेशी फुटतात : डांबराच्या गोळ्या, हिवतापावरचं प्रायमाक्विन, डॅप्सोन, काही इतर औषधं, बाकला घेवडा. आपल्याकडे पावसाळ्यात बुरशी धरू नये म्हणून ट्रंकेत डांबर गोळ्या टाकतात, आणि आजी त्याच ट्रंकेतलं मऊ लुगडं बाळाला गुंडाळायला काढते. या बाळांच्या घरातून डांबर गोळ्या काढूनच टाका. हिवताप झाला तर डॉक्टरांना कमतरतेबद्दल आधी सांगा. मोठं झाल्यावर मुलाच्या पाकिटात तशी चिठ्ठी असू द्या. लघवी कोकमाच्या सारासारखी गडद झाली, डोळे पिवळे दिसले, तर त्याच दिवशी इस्पितळ गाठा.

१३. फक्त बापाकडून मुलाकडे किंवा फक्त आईकडून येणारं काही असतं का?

असतं. वाय गुणसूत्र कोमुनिदादीतल्या (गोव्यातल्या गावजमिनीच्या जुन्या संस्थेतल्या) गांवकरपणासारखं चालतं, बापाकडून मुलग्याकडे, लेकीला नाही. त्यावर जनुकं थोडीच आहेत, मुख्यतः पुरुषत्व आणि शुक्रजंतूंशी निगडित. कानावरचे लांब केस वायवरून येतात असं जुन्या पुस्तकांत असायचं. २००४ साली दक्षिण भारतातल्या पुरुषांची तपासणी झाली तेव्हा तसा संबंध आढळला नाही. उत्तरपत्रिकेत अजून लिहितात, लिहू नका.

आईकडून येतात ती तंतुकणिकांतली (पेशीत ऊर्जा तयार करणाऱ्या मायटोकॉन्ड्रियातली) ३७ जनुकं, मुलग्यांना आणि मुलींना दोघांनाही. पुढे ती लेकीच्या लेकीकडे जातात, लेकाकडे येऊन थांबतात. डोळ्यांची नस निकामी करणारा एक आजार या वाटेने येतो.

१४. आमच्या घरात घारे डोळे आहेत. सगळे चिडवतात, ‘पोर्तुगीज पूर्वज असणार’.

घाऱ्या डोळ्यांवरून पोर्तुगीज पूर्वज सिद्ध होत नाही. पोर्तुगीज कधी पोचलेच नाहीत अशा कोकणातल्या आणि देशावरच्या गावांतही घारे डोळे पिढ्यान्‌पिढ्या आहेत. डोळ्यांचा रंग अनेक जनुकं मिळून ठरवतात, त्यातली दोन महत्त्वाची पंधराव्या गुणसूत्रावर शेजारी-शेजारी आहेत. ‘काळे डोळे प्रभावी, निळे अप्रभावी’ हे सरळ सूत्र शिकायला सोपं, पण अपुरं. त्यावरून कुणाच्या आईच्या वागण्यावर बोट ठेवणं तर फारच चुकीचं.

१५. प्रॅक्टिकलला जीभ दुमडते का आणि कानाची पाळी चिकटलेली आहे का हे विचारतात. बाबांची जीभ दुमडत नाही, आईचीही नाही, माझी दुमडते. मी दत्तक आहे का?

नाही गं! हा प्रश्न एका मुलीने रडवेली होऊन विचारला होता, त्यानंतर मी ते प्रॅक्टिकल या पद्धतीने घेणं बंद केलं. जीभ दुमडणं प्रभावी असावं असं १९४० साली सुचवलं गेलं. १९५२ साली एकरूप जुळ्यांच्या ३३ जोड्या पाहिल्या तेव्हा ७ जोड्यांत एकाची जीभ दुमडत होती आणि दुसऱ्याची नाही. जनुकं तीच असताना! पाळीचंही तसंच, ती अनेक जनुकांची कामगिरी. एका जनुकाचं खरं उदाहरण हवं असेल तर कानातला मळ ओला की कोरडा हे घ्या. दिसायला ओंगळ, पण हिशेब चोख.

१६. आईबाबा दोघांना मधुमेह. मला होणारच?

होणारच असं नाही, शक्यता मात्र बरीच वाढते. यात एकच जनुक नसतं, अनेक जनुकं थोडा थोडा हातभार लावतात आणि उरलेलं राहणीमान करतं. २०२३ साली प्रसिद्ध झालेल्या देशव्यापी पाहणीत गोव्यात मधुमेहाचं प्रमाण २६.४ टक्के निघालं, देशात सर्वांत जास्त. दोन पिढ्यांत आपली जनुकं बदललेली नाहीत. बदललं ते ताट आणि चालणं. तिशीपासून दरवर्षी साखर तपासा, पोटाचा घेर सांभाळा.

१७. डाऊन सिंड्रोम घराण्यातून येतो का?

बहुतेकदा नाही. २१व्या गुणसूत्राची तिसरी प्रत येते, हे १९५९ साली कळलं. सुमारे ९५ टक्के वेळा ती गुणसूत्रांच्या वाटणीतली चूक असते, बहुधा स्त्रीबीज तयार होताना. आईच्या वयासोबत शक्यता वाढते : विशीत साधारण दीड हजारात एक, पस्तिशीला साडेतीनशेत एक, चाळिशीला शंभरात एक.

शंभरात तीन-चार मुलांत मात्र ते जादा गुणसूत्र दुसऱ्या गुणसूत्राला चिकटलेलं असतं, आणि त्यातल्या काहींचे आई किंवा बाप स्वतः ठीक असून तशी जोडणी बाळगून असतात. म्हणून अशा मुलाचं गुणसूत्रांचं चित्र, कॅरिओटाइप, एकदा काढून घ्यावंच. आईबापांपैकी एकाची दोन्ही २१वी एकमेकांना चिकटलेली असतील तर जन्मणारं प्रत्येक मूल डाऊनचंच असतं. फार विरळ, पण पुढचं मूल ठरवण्याआधी कळायला हवं.

१८. आजोबांना सहा बोटं, बाबांना पाच, मला सहा. प्रभावी गुण पिढी कशी ओलांडतो?

ओलांडत नाही, बाबांकडे ते जनुक होतंच. काही जनुकं असूनही दिसत नाहीत. बाबांच्या हाताचा एक्स-रे काढला तर हाडात बारीकशी खूण सापडूही शकते. म्हणून ‘मला नाही, म्हणजे माझ्या मुलांना नाही’ असं इथे म्हणता येत नाही.

१९. दोघांचाही रक्तगट ओ, बाळाचा ए. नवऱ्याने घर सोडायला सांगितलं आहे.

ताई, आधी तिघांचीही रक्तगट तपासणी दुसऱ्या प्रयोगशाळेत पुन्हा करा. चिठ्ठीची अदलाबदल हे सगळ्यात मोठं कारण असतं.

पुन्हा तसंच आलं तरी त्यावरून कुणाचंही चारित्र्य ठरत नाही. १९५२ साली मुंबईत डॉ. वाय. एम. भेंडे आणि सहकाऱ्यांनी एक रक्तगट शोधला, तो जगभर बॉम्बे ब्लड ग्रुप म्हणून ओळखला जातो. ए आणि बी हे एच नावाच्या पायावर उभे राहतात. ज्याला एचच्या दोन्ही प्रती निकामी मिळाल्या त्याच्याकडे ए किंवा बीचं जनुक असलं तरी ते उभं राहायला पाया नाही. साध्या तपासणीत तो माणूस ओ दिसतो. त्याच्या बाळाला दुसऱ्या पालकाकडून चालू एच मिळाला की लपलेला ए बाळात उघड दिसतो. भारतात हा गट साधारण दहा हजारांत एकाला असतो आणि आपल्या या पट्ट्यातच तो पहिल्यांदा सापडला.

तुमच्या दोघांची एचसाठी तपासणी रक्तपेढीत करा. हे कळणं आणखी एका कारणासाठी जरुरीचं आहे : बॉम्बे गटाच्या माणसाला साधं ओ रक्तही चालत नाही, फक्त बॉम्बे गटाचंच लागतं. ऐन ऑपरेशनच्या वेळी कळलं तर धावाधाव होते.

२०. आम्ही नवराबायको दोघेही जन्मापासून कर्णबधिर. बाळ ऐकू शकेल का?

ऐकू शकतं. ऐकण्यासाठी शंभराहून जास्त जनुकं लागतात. तुमचं एक जनुक अप्रभावी पद्धतीने बिघडलेलं आणि जोडीदाराचं तसंच पण दुसरं, तर बाळाला प्रत्येकाची एक चांगली प्रत मिळते आणि ते ऐकतं. दोघांचं तेच जनुक अप्रभावी पद्धतीने बिघडलेलं असेल तर सगळी मुलं कर्णबधिर होतील. एखाद्याचं कारण आईला गरोदरपणी झालेला रुबेला किंवा जन्मानंतरची कावीळ असेल तर ते पुढे जातच नाही. जनुकचाचणीतून यातलं बरंचसं सांगता येतं. बाळ जन्मल्यावर महिन्याच्या आत श्रवणचाचणी करा.

२१. चाचणीत आम्ही दोघेही स्वच्छ निघालो, डॉक्टर म्हणाले बिघाड नवा आहे. तरी दुसऱ्या मुलालाही तोच आजार. असं कसं?

रक्तातून केलेली चाचणी रक्तातल्या पेशींबद्दल सांगते. कधी कधी बिघाड आईच्या बीजांडकोशातल्या किंवा बापाच्या वृषणातल्या काही पेशींतच असतो, बाकी शरीरात नसतो. रक्त स्वच्छ, आणि त्या पेशींतून तयार झालेलं बीज मात्र बिघडलेलं. स्नायू झिजवणाऱ्या डुशेन आजारात हे अनेकदा दिसलं आहे. म्हणून पहिल्या मुलाच्या रिपोर्टात ‘नवा बिघाड’ लिहिलेलं असलं तरी पुढच्या गरोदरपणात गर्भाची तपासणी मागा. तो पहिला रिपोर्ट, ज्यावर जनुकातल्या चुकीचं नेमकं नाव आहे, तो लॅमिनेट करून कपाटात ठेवा आणि त्याची प्रत मुलाच्या मावशीलाही द्या.